पार्सलवरची ड्युटी

भिलाईत तेव्हा ‘ड्युटी’ या शब्दाला एकच अर्थ होता: पोलाद कारखान्यातली पाळी. ड्युटी लागायची, बदलायची. कोणी आजारी पडला तर दुसरा त्याची ड्युटी भरायचा. हा शब्द इंग्रजी आहे, हे कामगार वसाहतीच्या आमच्या सेक्टरमधल्या बहुतेक बायकांच्या गावीही नव्हतं.

मी थोरल्या भावाकडे राहत होतो आणि रायपूरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत होतो. भाऊ ब्लास्ट फर्नेसवर होता. शेजारच्या क्वार्टरमधला गृहस्थही तिथलाच. दोघे भंडाऱ्याकडच्या एकाच गावचे, एकत्रच भरती झालेले. रशियात ट्रेनिंगला पाठवायची वेळ आली तेव्हा मुलाखतीलाही दोघे एकत्र गेले. यादीत शेजाऱ्याचं नाव लागलं, भावाचं लागलं नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव कोणी घेतलं नाही. तो रशियाला गेला आणि आमच्यासाठी ‘रशियावाला’ झाला. त्याच्या बायकोची बादली नळावर दिसली की वहिनी दारातूनच परत फिरे.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी पोस्टमन दोन्ही क्वार्टरांसमोरच्या ओट्यावर येऊन उभा राहिला. शेजारणीला म्हणाला, “बाई, आपके लिए रूस से पार्सल आया है। ड्यूटी लगी है। पोस्ट ऑफिस आके भरनी पड़ेगी।”

शेजारणीनं दारात उभ्या वहिनीकडे पाहिलं. “त्यायची ड्युटी मी कावून भरू वं? ते त तिकडं ड्युटी करूनच राहिले.”

पोस्टमन हसला. वहिनीनं तोंडाला पदर लावला. रात्रपाळी करून झोपलेला भाऊ आवाजानं उठून बाहेर आला आणि सगळं ऐकून शेजारणीला म्हणाला, “भरा ना वहिनी. फर्नेसवर माणसं कमीच हायेत. माह्यी टोपी घेऊन जा.” यादी लागल्यापासून त्याला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. रात्री त्यानं हा किस्सा पाळीवर सांगितला. दुसऱ्या दिवशी नळावरच्या बायका शेजारणीला विचारू लागल्या, “काय बाई, कोणती शिफ्ट लागली?”

मी तिला नीट समजावून सांगितलं. परदेशी पार्सल कस्टमवाले तपासतात, आतल्या वस्तूची किंमत ठरवतात आणि तिच्यावर कर लावतात. त्या करालाही ड्युटीच म्हणतात. पोस्ट तो वसूल करतं आणि मगच पार्सल देतं. मुदतीत कोणी नेलं नाही तर ते पाठवणाऱ्याकडे परत जातं.

“जाऊ द्या परत,” ती म्हणाली. “साऱ्या लाइनीत हसू झालं. आता पोस्टातही करून घेऊ?”

पैसे तिच्याकडे होते. ती हलायला तयार नव्हती.

भावाला हे पटलं. “जाऊ दे. त्याले बी समजन, इथं कोणी वाट पाहून नाही राहिलं.” वहिनीही सुरुवातीला खूश होती. मग तिचं विचारणं सुरू झालं.

“घड्याळ असन का?”

“असन.”

“का रेडिओ?”

“फुटला असन आतापर्यंत.”

“तिच्या वस्तूची सरकारनं किंमत केली,” वहिनी म्हणाली. “आपल्या घरात सरकारनं कर लावावा असं काय हाय?” भाऊ भिंतीकडे तोंड करून झोपला.

मुदतीच्या शेवटच्या सकाळी वहिनी चुलीजवळून उठली. “परत गेलं त आत काय होतं ते या जन्मी समजनार नाही,” असं म्हणून ती थेट शेजारी गेली. मी ओट्यावर होतो.

“चाल बाई. मी हसली होती, मीच तुह्यासंगं येते.”

“तुले कावून घाई?”

“मले पाहाचं हाय.”

शेजारीण तिच्याकडे बघत राहिली. मग हसली आणि पायात चपला घातल्या.

दुपारी त्या दोघी पार्सल घेऊन परतल्या. वरचं कापड वहिनीनंच उसवलं. आत काळी लोकरी शाल होती, तिच्यावर तळहाताएवढे लाल गुलाब, कडेला झालर. दारात उभं राहवणार नाही असं ऊन होतं. संध्याकाळी शेजारीण ती शाल पांघरून नळावर गेली. कपाळावरून घाम गळत होता. शिफ्ट कोणती, हे कोणी विचारलं नाही. बायका हात पुसून एकेक करून शालीचं टोक धरून पाहत होत्या. वहिनीनंही पाहिलं.

घरी भाऊ ड्युटीवर जायच्या तयारीत होता.

“काय निंघालं?”

“शाल.”

“चांगली हाय?”

“टोचते.”

वहिनीनं तांदूळ धुतले, चुलीवर ठेवले. मग पातेल्याकडे पाहतच विचारलं, “रशियाच्या पुढच्या बॅचची यादी कवा लागते?”

भावानं बुटाची नाडी ओढून बांधली. “उशीर होऊन राहिला मले,” तो म्हणाला आणि सायकल काढून निघाला. पाळीचा भोंगा व्हायला अजून बराच वेळ होता.