तेलाच्या डब्यातलं आकाश

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, ते आमच्या गावच्या शाळेतले विज्ञानाचे सर. आई-बाबांनी धानाच्या बांधीत राबून मला वाढवलं, ते तर आहेच. पण पुस्तकातली गोष्ट आपल्या हातानं करून बघता येते, हे मला सरांनी दाखवलं. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडायचं नाही.

आमच्या शाळेत प्रयोगशाळा नव्हती, एक कपाट होतं. आठवीत असताना सरांनी तेलाचा रिकामा डबा आणला, त्यावर खडूनं आकाशातले तारे आखले आणि मला खिळा-हातोडी दिली. मोठ्या ताऱ्याला मोठं भोक, लहान ताऱ्याला लहान. सप्तर्षीतलं एक भोक मी चुकीच्या जागी पाडलं. सर रागावले नाहीत. त्यांनी त्यावर मेण लावलं आणि शेजारी दुसरं पाडायला सांगितलं. मग डब्यात मोटरसायकलचा छोटा बल्ब लावून वर्गाची दारं-खिडक्या लावल्या. भिंतीवर तारे उमटले, अगदी सुईच्या टोकाएवढे.

"घरचा बल्ब कायले नाही लावला, सर?" मी विचारलं.

"उजेड जितका लहान जागेतून येईल, तितका तारा बारीक दिसेल," सर म्हणाले.

आमच्याकडे उन्हाळ्यात हायस्कूलचे शिक्षक विद्यार्थी मिळवायला दारोदार फिरतात. पट कमी झाला की तुकडी बंद होते आणि तिथला शिक्षक अतिरिक्त ठरतो. आठवीनंतर मला आमगावच्या एका शाळेत घालायचं बाबांच्या मनात आलं, कारण तिथे प्रयोगशाळा होती. बाबा माझा दाखला मागायला गेले तेव्हा त्यांना बोलायला जड जात होतं.

"पण सर, तुमची तुकडी?"

"तुकडीचं मी पाहून घेईन जी. पोराले जाऊ द्या."

दाखल्याचं काम सरांनी स्वतः करून दिलं.

आमगावला मी सायकलनं जायचो. वर्ग भरलेला होता, पण माझ्या बाकावर दुसरं कोणी बसत नसे. मधल्या सुट्टीत मी सायकल स्टँडजवळ डबा खायचो. घरी परतल्यावर गावातली पोरं म्हणायची, "आला का बे फितूर? आमगावची हवा लागून राहिली का तुले?" हळूहळू त्यांनीही खेळायला बोलावणं सोडलं. दोन शाळा झाल्या होत्या आणि मी एकाही शाळेचा नव्हतो.

त्या वर्षी विज्ञान नाट्य स्पर्धेसाठी आमच्या नव्या मॅडमनी एक नाटक लिहिलं. पृथ्वीपासून दूर एक अंतराळयान चाललं आहे. शत्रूचा एक जखमी सैनिक आपली बाजू सोडून त्या यानात येतो आणि कॅप्टन त्याची चौकशी करतो. सैनिकाला सगळा वेळ बाकावर पडून राहायचं होतं, म्हणून ते काम कोणाला नको होतं. मॅडमनी वर्गावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

यान आम्ही पुठ्ठ्याचं केलं. खिडक्यांना जुन्या एक्स-रेच्या काळ्या फिल्म लावल्या. एकीत कोणाच्या तरी फासळ्या दिसायच्या. माझ्या डोक्याला पट्टी असायची आणि पट्टीवर कुंकवाचं पाणी. कॅप्टन झालेला मुलगा ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानदाराचा, गोंदियाच्या हिंदीत बोलणारा. नाटकात तो मला विचारायचा, "तुमच्या लोकांना सोडून तुम्ही इकडे का आलात?" मी म्हणायचो, "कारण न्याय तुमच्या बाजूला आहे."

एका दुपारी तालीम संपल्यावर मी पट्टी न सोडताच स्टँडजवळ डबा खात बसलो होतो. कॅप्टन आला, सोबत आणखी दोघं. तिघंही माझ्या शेजारी बसले.

"तुह्या पुरान्या शाळेचं नाटक काय हाये बे?"

"मले माहीत नाही."

"झूठ मत बोल. तिथलाच ना तू?" एकानं समोशाचा तुकडा माझ्या डब्यात ठेवला. "देख, अब तू अपना हाये. अपनेवालों को बताते हैं."

मी तेलाच्या डब्यातलं आकाश सांगितलं. पुढे सरांनी तो डबा पंख्याच्या मोटरीवर बसवून फिरता केला होता, हेही सांगितलं. या वर्षी सर तो रंगमंचावर आणणार आहेत, हे मला गावात कळलं होतं. तेही सांगितलं. त्यांनी मला मारलं नाही की धमकावलं नाही. बल्बचं तेवढं मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशीपासून माझ्या बाकावर कोणी ना कोणी बसू लागलं. आठवड्याच्या आत आमचा डबाही तयार झाला. पोरांनी भोकं कुठेही पाडली. सप्तर्षी मात्र मी नीट पाडले.

तालुक्याच्या स्पर्धेत चिठ्ठ्या निघाल्या आणि आमचं नाटक गावच्या शाळेच्या आधी आलं. अंधार झाला. मी पाठीवर पडलो होतो आणि छतावर तारे फिरू लागले. ते मोठे आणि पिठाळ दिसत होते, कारण डब्यात घरचा पांढरा बल्ब होता. पण सप्तर्षी ओळखू येत होते. मी मान वळवली. पडद्याच्या कडेला सर उभे होते. त्यांच्या हातात दुपट्ट्यानं झाकलेला डबा होता. ते वर बघत होते.

"तुमच्या लोकांना सोडून तुम्ही इकडे का आलात?" कॅप्टननं विचारलं.

मला वाक्य आठवेना. खरं म्हणजे आठवत होतं, पण सर ऐकत असताना ते तोंडातून निघेना. कॅप्टननं पुन्हा विचारलं, मग दबल्या आवाजात, "बोल ना बे." शेवटी मॅडमनी आडून वाक्य सांगितलं आणि मी ते म्हटलं. परीक्षकांना ती शांतता अभिनय वाटली. त्यांनी तिचं कौतुक केलं.

गावच्या शाळेनं नाटक केलं ते डब्याशिवाय. माझा जुना दोस्त जाता जाता म्हणाला, "तुह्यामुळे सरनं झाकूनच ठेवला. जाय, खा समोसे." समोशाचं त्याला कसं कळलं, कोण जाणे.

मी नळावर तोंड धूत होतो. सर आले. आता काऊन सांगितलंस असं विचारतील, म्हणून मी तयार उभा होतो. त्यांनी विचारलं, "बल्ब कोणता होता?"

"घरचा, सर. पांढरा."

"म्हणून तारे फुगले." मग त्यांनी माझ्या डोक्याची सैल झालेली पट्टी नीट बांधली. आमच्या नाटकाला बक्षीस जाहीर झालं होतं आणि ते घ्यायला त्याच वेषात जायचं होतं ना, म्हणून. आणि ते निघून गेले.

पुढच्या वर्षी गावच्या शाळेतली तुकडी बंद झाली. सर अतिरिक्त ठरले आणि देवरीच्या पलीकडच्या एका शाळेत गेले. एकट्या माझ्यामुळे नाही, पण कमी झालेल्यांत मी एक होतो.

यंदा मी पदवीधर झालो. आमच्या घरातला पहिला. गोंदियात माझी एक भाड्याची खोली आहे. निकाल लागला त्या दिवशी तिथून कोणाला सांगावं, हे मला कळेना. बाबांना फोन केला. ते म्हणाले, "पास ना? बस झालं." शेजारी कॉलेजातलं कोणी नव्हतं. भौतिकशास्त्रात काय शिकलो हे ज्याला सांगावं असा माणूस एकच होता, आणि त्याला आधी दुसरं काही सांगणं भाग होतं. म्हणून हे पत्र त्यांच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवलं.

आदरणीय सर,

मी बी.एस्सी. झालो. विषय भौतिकशास्त्र. आईनं गुणपत्रिका देवाजवळ ठेवली आहे, पण ती वाचून मला चार प्रश्न विचारील असं घरात कोणी नाही. म्हणून तुम्हाला लिहितो आहे.

डब्याची गोष्ट मीच फोडली होती. तुम्हाला हे माहीत आहे, तरी ते माझ्या तोंडून यायला हवं होतं. नाटकात माझं उत्तर होतं की न्याय तुमच्या बाजूला आहे. खरं उत्तर असं की माझ्याजवळ कोणी बसत नव्हतं. तुम्ही नळावर विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नाही, म्हणून मला इतकी वर्षं लागली.

मोटरसायकलच्या बल्बचं मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही म्हणून, की मला सांगायचं नव्हतं म्हणून, हे मलाही नीट ठाऊक नाही. त्याचं श्रेय मला देऊ नका.

तुम्ही दाखला दिलात तेव्हा तुम्हाला पुढचं दिसत असणार. तरी दिलात.

तो डबा तुमच्याकडे आहे का? असेल तर सप्तर्षीतल्या चुकलेल्या भोकावरचं मेण अजून टिकलं आहे का, तेवढं कळवा. तुम्ही या म्हणालात तर मी येऊन बघेन.

तुमचा,
आठवीत खिळा धरणारा