क्लाउडची सांधणी

गेल्या रविवारी भारीच झालं. नागपुरात आम्हा डेव्हलपर मंडळींची दर महिन्याला मीटअप असते. कोणतं नवीन टूल आलं, कोणत्या नव्या व्हर्जननं कोणाची झोप उडवली याच्या गप्पा... आणि शेवटी तर्री पोहे. यावेळी बोलायची पाळी माझी होती.

नेमके बाबा उमरेडहून डोळे तपासायला आले होते. घरी एकटे बसून काय करणार, म्हणून मीच त्यांना सोबत घेऊन गेले. म्हटलं, काही कळलं नाही तर पोहे तरी खातील!

बाबा म्हणजे हातमागावर लुगडी विणणारा माणूस. मी कॉलेजात असताना त्यांनी माग मोडीत काढला. तेव्हा म्हणाले होते, "माह्यासंगच संपलं हे. तुह्या काही कामी नाही येत." ते मला आजही टोचतं. आणि माझ्या कामाबद्दल कोणी विचारलं की त्यांचं ठरलेलं उत्तर... "कम्प्युटरात काहीतरी करते."

तर विषय असा. बुटीबोरीच्या कारखान्यांच्या बस कुठवर आल्या, हे कामगारांना मोबाइलवर दाखवणारं ॲप आमची टीम चालवते. मधे क्लाउड कंपनीचा मेल आला, की आमचं ॲप ज्या सर्व्हिसवर उभं आहे ती आता बंद होणार. सगळा पसारा नव्या जागी हलवणं आलं.

आमचे सर मात्र निवांत. नव्या एआय टूलनं सगळा कोड चुटकीसरशी नव्यानं लिहून दिला होता. "सुट्टीच्या दिवशी जुनं बंद, नवं चालू. काहून टेन्शन घेऊन राहिली?" कोड खरंच चांगला होता, टूलला नावं ठेवणार नाही. पण नवं ऐनवेळी अडलं असतं, तर शिफ्ट सुटलेल्या बाया अंधारात फाट्यावर ताटकळल्या असत्या... मी अडूनच बसले.

डोळ्यांसमोर बाबांचा माग होता. विणून झालेलं कापड काढलं, तरी जुन्या उभ्या धाग्यांची टोकं ते मागाच्या फणीतच राहू द्यायचे. नवा एकेक धागा त्या टोकाला गाठ मारून सांधायचा, आणि मग हलक्या हातानं सगळं पुढे ओढून घ्यायचं. लहानपणी मीही गाठी मारायची. बाबा ओढून बघायचे आणि सुटली की नुसतं म्हणायचे, "पुन्हा."

आम्ही तसंच केलं. एकेक बस नव्यावर नेली, जुनं चालूच ठेवलं. कोराडीच्या बसचा नव्या सर्व्हिसनं पहिल्याच दिवशी भलताच थांबा दाखवला... लगेच तिला जुन्यावर परत आणलं, चूक काढली, पुन्हा नेलं. हळूहळू सगळ्या बस गेल्या आणि एकाही कामगाराची बस चुकली नाही. मला याचा फार अभिमान आहे, सांगूनच टाकते.

मीटअपमध्ये हेच सगळं सांगितलं, सांधणीसकट. फक्त हे कोणाकडून शिकले ते सांगितलं नाही. मग प्रश्न सुरू झाले. कोणी डेटाबेसचं विचारलं, कोणी टेस्टिंगचं... आणि शेवटच्या रांगेतून एक हात वर आला. बाबा!

"जुनी टोकं कवा सोडली वं?"

सगळा हॉल वळून बघायला लागला. मी माइकवरच म्हटलं, "साऱ्या गाठी फणीतून पार झाल्यावर, बाबा. त्याच्या आधी नाही."

"मंग बराबर," म्हणाले आणि खाली बसले. हॉलमध्ये टाळ्याच टाळ्या... पण माझं लक्ष कुठे होतं टाळ्यांकडे! एवढ्या वर्षांत बाबांच्या तोंडून मला पहिल्यांदा "बराबर" मिळालं होतं.

परत येताना ऑटोवाल्यानं सहज विचारलं, "काका, पोरगी काय करते?" मी मनात म्हटलं, झालं... आता कम्प्युटरात काहीतरी.

बाबा म्हणाले, "आमच्याच धंद्यात आहे."

तेव्हा म्हणायचं राहिलं, म्हणून इथे लिहितेय... थँक्यू, बाबा. काहीच संपलं नाही.