आधी सगळं चिपट्यात आणा

अंबूबाईंना कुणी कमी लेखलं की माझं डोकंच फिरतं. वेल्ह्याच्या पुढं डोंगरात आमची शाळा. मी तिथली एकटी शिक्षिका, आणि अंबूबाई पोरांसाठी खिचडी शिजवतात. स्वतः शिकल्या जेमतेम चौथी.

गेल्या वर्षी पाचवीला अपूर्णांकांची वजाबाकी शिकवताना माझ्या नाकी नऊ आले होते. तीन चतुर्थांशातून एक द्वितीयांश वजा करा म्हटलं, की पोरं वरच्यातून वरचा काढायची, खालच्यातून खालचा. उत्तर दोन छेद दोन, म्हणजे पूर्ण एक! दारातून जाणाऱ्या अंबूबाई थबकल्या. "अगं बया! पाऊण शेर तांदळातनं अर्धा काढला आन् आख्खा शेर उरला? मंग म्या समदं गाव जेवू घालीन की!"

त्या सरळ आपली मापं आणि तांदूळ घेऊनच आल्या आणि पुढं बसलेल्या पोरीला म्हणाल्या, "दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. शेफाली, आदी समदं चिपट्यात आण." पाऊण शेर म्हणजे तीन चिपटी, अर्धा म्हणजे दोन. उरलं एक, म्हणजे पाव शेर. डी.एड. करून मला जमलं नाही ते बाईंनी पाच मिनिटांत केलं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? मग मीच त्यांना रोज वर्गात बोलवायला लागले.

पुढं तपासणीला साहेब आले आणि वर्गात तांदूळ बघून भडकले. "स्वयंपाकिणीनं चुलीपाशी राहावं. पुन्हा वर्गात दिसलात तर दुसरी बाई नेमू." बाईंचं घर या कामावर चालतं. पण त्या हटल्या नाहीत. "मला काडा, पर आदी पोरांस्नी इचारा."

साहेबांनी मुद्दाम फळ्यावर दोन तृतीयांश वजा एक द्वितीयांश लिहिलं. तिसऱ्या हिश्श्याचं माप बाईंकडं नव्हतंच. शेफालीनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "हितं चिपटं चालायचं न्हाई. शेराचं सहा वाटं करू. दोन तृतीयांशाचं चार, अर्ध्याचं तीन. उरला एक. एक छेद सहा."

उत्तर बरोबर होतं. साहेबांनी कौतुक केलं? छे! अंबूबाईंनी वर्गात पाऊल टाकायचं नाही, असं वहीत लिहून गेले.

दुसऱ्या दिवशी बाई पायरीवरसुद्धा चढल्या नाहीत. गणिताच्या तासाला मीच सगळ्यांना उठवलं आणि वह्यांसकट चुलीपाशी घेऊन गेले. तांदूळ निवडता निवडता बाईंनी वर पाहिलं.

"सायबानं मला वर्गात जायची बंदी केलीया. वर्गच हितं आला, त्याला म्या काय करू? बसा रं."