बाळाच्या पाण्यातला वाटा

माणिक परुळेकरला आजवर कोणाचा हेवा वाटलाच नव्हता असं नाही. धाकट्या जावेच्या लांब केसांचा वाटला, समोरच्या बिऱ्हाडाच्या मोठ्या गॅलरीचा वाटला. पण ते सर्दीपडशासारखं असे, आलं तसं जाई. विहिणीचा हेवा मात्र आला आणि मुक्कामालाच राहिला.

विहीण म्हणजे मुलुंडच्या शर्मिष्ठा काळे. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या, बोलणं मोजकं, आवाज गोड. माणिकच्या हर्षदशी त्यांच्या जान्हवीचं लग्न झालं तेव्हा बोरिवलीतल्या सगळ्या शेजारणी म्हणाल्या की स्थळ झकास मिळालं. माणिकलाही आधी तसंच वाटलं. मग जान्हवीला दिवस गेले.

माणिककडे मिरवायला एकच गोष्ट होती, हाताची चव. वेंगुर्ल्याहून लग्न होऊन मुंबईत आली तेव्हा सासरे गिरणीत होते आणि घरात खाणारी तोंडं पुष्कळ. पुढे तिने घरच्या घरी जेवणाच्या ऑर्डरी घेतल्या, मुलाचं शिक्षण केलं, नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा घर चालवलं. लोक तिचं नाव विसरत, तिची तिरफळ घातलेली आमटी विसरत नसत. घरात येणारं नवं माणूस तिच्या हातचं खाऊनच तिचं होई. हर्षद असाच तिचा झाला, जान्हवीसुद्धा. आता नातवंडाची पाळी होती, आणि पहिलं बाळंतपण पडलं माहेरी. रीतच तशी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि शर्मिष्ठाताई लेकीला मुलुंडला घेऊन गेल्या. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी जान्हवी कामावर परतणार होती. तेव्हा बाळ दिवसभर कोणत्या आजीकडे राहणार, हे कोणीच बोलत नव्हतं. माणिकला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

जान्हवी जनावरांची डॉक्टर. गोरेगावच्या एका प्रयोगशाळेत ती गर्भाभोवतीच्या पाण्याचा अभ्यास करी. देवनारच्या कत्तलखान्यातून शेळ्यांची गर्भाशयं यायची, त्यातलं पाणी काढून ती तपासायची. माहेरी जायच्या आधी एकदा जेवताना तिने सगळं समजावून सांगितलं होतं. शेळीच्या पोटात पिल्लाभोवती पाण्याच्या दोन पिशव्या असतात. एकीत पिल्लाची लघवी नाळेतल्या नळीवाटे जमते, कोऱ्या चहाच्या रंगाची. दुसरीत पिल्लू तरंगतं; तिथलं पाणी आधी नितळ असतं आणि दिवस भरत आले की बुळबुळीत होतं.

"आणि माणसाचं?" माणिकने विचारलं होतं.

"माणसात एकाच पिशवीवर भागतं, आई. सुरुवातीला ते पाणी आईच्या रक्तातून पाझरतं. नंतर जास्त करून बाळाची लघवीच."

"शी. आणि त्यात ते पोहतं?"

"पोहतं काय, पितंसुद्धा. पितं, पुन्हा सोडतं. आणि आई जे खाते ना, त्याचा वास-चव त्या पाण्यात उतरते. लसूण खाल्ली की लसूण. बाळ जन्माला येतं ते त्या चवी ओळखतच."

हर्षद हसला, भात कालवत राहिला. माणिकचा हात मात्र वाढता वाढता थांबला. म्हणजे मुलुंडला तीन महिने बाळ काय पिणार? गोड वरण, मेतकूट-भात, दुधीची भाजी. जन्मायच्या आधीच ते काळ्यांचं होऊन बसणार.

जान्हवी माहेरी गेली, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिने डबे सुरू केले. काळ्यांकडे मासे चालत नाहीत, तर नाही. डाळीच्या आमटीत तिरफळ, बटाट्याच्या रश्श्यात तिरफळ, नारळाच्या रसात शिजवलेल्या सुरणातही तिरफळ. हर्षद डबा ऑफिसला नेई आणि संध्याकाळी अंधेरीहून परस्पर मुलुंडला पोचवी. ऑफिसच्या फ्रिजला वास लागला म्हणून लोकांनी कुरकुर केली. "आई, वाट लागली यार माझी तिथे," तो म्हणाला. तिने डब्याला आणखी एक पिशवी बांधली.

बाळा परुळेकर, तिचा नवरा, सगळं बघत होता. एक दिवस म्हणाला, "पोराच्या पाण्यात पण तुका तुझो वाटो व्हयो?"

"हवाच," माणिक म्हणाली. "ती तिकडे श्लोक ऐकवते रोज. ते चालतं?"

श्लोकांचं तिला हर्षदकडून कळलं होतं आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नव्हतं. विहिणीचा आवाज पोटापर्यंत पोचतो आणि आपण इथे बोरिवलीत डाळ घोटतोय, ह्या विचाराने तिचा जीव नुसता जळायचा.

आठव्या महिन्यात सोनोग्राफी झाली. बाळाभोवतीचं पाणी कमी निघालं. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला, कुशीवर झोपायला आणि पुन्हा तपासायला सांगितलं. हर्षदने हे फोनवर सांगितलं तेव्हा माणिकची नजर थेट तिरफळाच्या बरणीकडे गेली. तिला दुसरं कारण दिसेचना. इतकं उष्ण तिरफळ, रोजच्या रोज. आपणच आटवलं. पुढचे काही दिवस तिने चुलीला जेमतेम हात लावला, आणि शेवटी न राहवून एकटीच मुलुंडला गेली.

जान्हवी आतल्या खोलीत झोपली होती. शर्मिष्ठाताई स्वयंपाकघरात होत्या. माणिकने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"शर्मिष्ठाताई, माझ्यामुळे झालं हे. मी मुद्दाम तिरफळ घालत होते सगळ्यात. बाळाला माझी चव लागावी म्हणून. ते तुमचं होऊ नये म्हणून."

शर्मिष्ठाताईंनी गॅस बंद केला आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"माणिकताई, जान्हवीने त्यातला घाससुद्धा खाल्ला नाही. ह्या दिवसांत झाकण उघडलं की तिला उमळून यायचं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही. अन्न टाकवेना, म्हणून मी खात होते."

"रोज?"

"रोज. आधी नाक मुरडून. आता संध्याकाळ झाली की हर्षदची वाट बघते." त्या किंचित ओशाळल्या. "आणि पाणी वाढलंय. काल पुन्हा बघितलं. खाण्याशी काही संबंध नाही म्हणाले डॉक्टर."

माणिकला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, क्षणभर. मग उमगलं. इतक्या दिवसांची मेहनत विहिणीच्या पोटात गेली आणि बाळाला तिचे श्लोक मात्र रोज पोचत होते.

"म्हणजे बाळाला माझं काहीच ठाऊक नाही," ती म्हणाली.

शर्मिष्ठाताईंनी ओटा पुसायला घेतला.

"बाळ दिवसभर तुमच्याकडेच राहणार आहे," त्या म्हणाल्या. "गोरेगावहून बोरिवली जवळ, हे एक. आणि जान्हवीला तुमच्या घरी मोकळं वाटतं. मी सारखी शिकवत बसते म्हणे. महिना झाला तिने ठरवून. मला म्हणाली, आईंना तूच सांग मम्मी, तुला जमेल तेव्हा." त्यांचा गोड आवाज खरखरीत झाला होता. "मला जमेना. तुमचा डबा खायचे आणि तुमच्यावरच जळायचे."

माणिक स्टुलावर बसली. ती जिंकली होती, आणि महिनाभर आधीच जिंकली होती.

"मी येत जाईन ना बोरिवलीला?" शर्मिष्ठाताईंनी विचारलं. "आठवड्यातून एकदा. बाळासाठी काही करून आणीन. मऊ भात वगैरे. चालेल ना?"

ह्या बाईचा जीव आता कसा जळत असेल, हे अख्ख्या मुंबईत माणिकइतकं कोणालाच कळत नव्हतं. 'या ना, कधीही या' हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आलेही होते.

"बघू," माणिक म्हणाली.