बाबांच्या नंबरावरून गेलेली पत्रिका

अंजूर गावात आमच्या भावकीत कुणाचंही लग्न ठरलं की आमंत्रणाचा मान माझ्या बाबांचा. दारात उभं राहून ते एकदा म्हणाले, "हळदीला या बरं," की आजारी माणूससुद्धा यायचा. हल्ली माणसं नारपोलीपर्यंत पांगलीत, म्हणून लांबच्यांना ते पत्रिका मोबाइलवर पाठवतात.

मागच्या लग्नसराईत त्यांनाच अनोळखी नंबरवरून पत्रिका आली. असलं काही उघडू नका, हे मी शंभरदा सांगितलं होतं. पण आलेलं आमंत्रण न बघता सोडायचं, हे त्यांच्या रक्तातच नाही! ती पत्रिका नव्हतीच, पत्रिकेच्या नावाची चोरांची फाइल होती; बोट लावलं आणि फोनचा ताबा त्यांच्याकडे गेला. तीच फाइल बाबांच्या नावानं भावकीला गेली. बाबांचं आमंत्रण म्हणून सगळ्यांनी उघडली आणि ती त्यांच्याही फोनांतून पुढे सुटली. दुसऱ्या दिवशी आत्या दारात येऊन चारचौघांत म्हणाली, "दादा, तुझ्यावर इस्वास ठेवला रं." बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

माझं टाळकंच फिरलं. मी भिवंडीतल्या एका गोदाम कंपनीत सायबर सुरक्षेचं काम करते. म्हटलं, मेल्यांनो, चुकीच्या घरात शिरलात. आता सोडते का बघा!

आमच्या कामात धोक्याची माहिती ठरलेल्या साच्यात भरतात: ही फाइल, हा सर्व्हर, हा नंबर, आणि यांचा एकमेकांशी संबंध काय. अशी एकेक नोंद, म्हणजे ऑब्जेक्ट, सामायिक यादीत टाकला की ती वाचणाऱ्या कंपन्या त्याला अडवतात. फोन कुणाचा आलाय ते दाखवणारी अ‍ॅपही ती यादी वाचतात. मी भावकीतले फोन गोळा केले, मेसेज उतरवून घेतले आणि दातओठ खात पायथनमध्ये कोड लिहिला. सर्व्हर, घे! फाइल, घे! पाठवणारे नंबर, घ्या सगळे! एकाच लूपमध्ये, म्हणजे एका दमात, सगळ्यांवर 'घातक' शिक्का मारला. माझ्या वरिष्ठ मॅडम म्हणाल्या, "एकदा तपास गं." मी म्हटलं, "तपासलंय." थाप होती ती. यादी गेली, चोरांचा सर्व्हर बंद पडला, आणि मी ऑफिसात पेढे वाटले. जळा म्हटलं!

मग चुलत्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. बाबा धीर करून पुन्हा फोन लावायला बसले. नारपोलीच्या एका भाच्यानं उचलला आणि हसत म्हणाला, "मामा, तुमचा नंबर लाल दिसतोय. फसवणूक करणारा, असं लिहिलंय." बाबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "बाय, हे कुनी केलं?"

मी यादी उघडून बघितली. पाठवणारे नंबर! चोरांनी फाइल आमच्याच माणसांच्या फोनांवरून फिरवली होती. सुडाच्या भरात मी सगळी भावकी घातक ठरवली होती, आणि बाबांचा नंबर सगळ्यांत वर होता.

तेव्हा बाबांना एवढंच म्हटलं, "शोधते." दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन भावकीच्या नंबरांचे ते ऑब्जेक्ट रद्द केल्याची नवी प्रत पाठवली. पण जुनी प्रत कुणाकुणाकडे गेली होती, आणि नवी कोण कधी वाचणार, ते माझ्या हातात नव्हतं. चोरांवरचा राग आजही तेवढाच आहे. समोर आले तर सोलून काढीन.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "सापडला का तो?"

"मीच केलं, बाबा."

त्यांनी हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाले, "चोर तरी परका व्हता, बाय."