कोणावर गेला?

दुर्गेश्वरी गोंदियाच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. वय अडतीस, लग्न नाही. जवळच्या कामठा गावाहून सकाळच्या बसने जायचं, संध्याकाळच्या बसने परत यायचं. लग्न का नाही, हे गावात कोणी विचारत नसे, कारण उत्तर तिच्या तोंडावरच होतं. लांब नाक, जाड जुळलेल्या भुवया, पुढे आलेली हनुवटी. थेट बाप.

बाप म्हणजे दिवंगत कुंजीलाल. ज्याने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, त्याला गावाने सहा वर्षं दारुडा ठरवलं. आधी पाय आपोआप हलू लागला, मग हात, मग चाल झोकांड्या खाऊ लागली. जिल्ह्यातल्याच प्रतापगडच्या दर्ग्यात नवस झाले, शेवटी नागपूरच्या डॉक्टरने कागदावर नाव लिहिलं, हंटिंग्टनचा आजार. औषध नाही, आणि मुलांनाही होऊ शकतो. कुंजीलालच्या आईचंही असंच झालं होतं, आणि तिचंही नाक लांब, भुवया जाड. राजकुमारीबाईंनी, म्हणजे दुर्गेश्वरीच्या आईने, हिशोब जुळवला. ज्याचं तोंड बापाचं, त्याले बापाचा रोग.

झालं. बालाघाटकडचं चांगलं स्थळ आलं होतं, ते परत पाठवलं. दुर्गेश्वरीनेही ते मान्य केलं. रक्त तपासता येतं, हे तिला ठाऊक होतं, पण आरशात निकाल दिसत असताना तपासायचं कायले? धाकटा भाऊ टिकेश आईच्या गोल तोंडाचा. त्याचं लग्न वाजतगाजत झालं.

गेल्या वर्षी कॉलेजातल्या एका कार्यशाळेनंतर ती इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशाच्या गटात शिरली. चार-पाच जण मिळून वैद्यकाचे लेख तपासायचे, दिवस ठरवून, एकेका वाक्यावर चर्चा करत. भाषा दुरुस्त करणं हे तिचं काम. एके दिवशी यादीत हंटिंग्टन दिसला आणि तिने झडप घालून तो मागितला. घरचं काही सांगितलं नाही. फक्त भाषा सुधारता सुधारता मध्ये एक वाक्य आपलंही घातलं: ‘आजारी व्यक्तीशी ज्याचा तोंडवळा जुळतो, त्याला हा आजार होण्याचा संभव अधिक असतो.’

दुसऱ्या दिवशी त्या वाक्यापुढे एकच शब्द होता. संदर्भ?

विचारणारा राजदीप, नागपुरात मेंदूरोगांचं शिक्षण घेणारा डॉक्टर. दुर्गेश्वरीला राग आला. हा कालचा पोरगा मला संदर्भ मागतो. तिने लिहिलं, हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्याने सभ्यपणे उत्तर दिलं, ‘ताई, पाहिलेलं इथे चालत नाही. तोंडवळ्याचा या आजाराशी काही संबंध नाही. आईवडिलांपैकी एकाला असेल, तर प्रत्येक अपत्याला धोका निम्मा, मग ते कोणासारखंही दिसो.’

ती हट्टाला पेटली. चार दिवस ग्रंथालयाचं काम बाजूला ठेवून तिने शोधनिबंधामागून शोधनिबंध धुंडाळले. जन्मभर दुसऱ्यांना पुस्तकं काढून देणाऱ्या बाईने स्वतःसाठी पहिल्यांदा शोध घेतला. एका निबंधात सापडलं तेही उलटंच. अनेक कुटुंबं चेहऱ्यावरून असा अंदाज बांधतात, आणि तो अंदाज बिनबुडाचा असतो. तिने तो परिच्छेद तीनदा वाचला. तिला आनंद व्हायला हवा होता, पण तिला टिकेशचा पाय आठवला. जेवायला बसला की त्याचा डावा पाय हल्ली हलत राही. सवय आहे, म्हणून सगळे हसत.

वाक्य तिने स्वतःच खोडलं. बाकीच्यांनी संमती दिली, लेख पास झाला, राजदीपने तिचे आभारही मानले.

त्या रविवारी टिकेशच्या मुलाचं बारसं होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं. येणारी प्रत्येक बाई पाळण्यात वाकून एकच गोष्ट पाही, बाळ कोणावर गेलं. राजकुमारीबाई तर बारा दिवस गावभर सांगत होत्या, पोरगा माह्यावर गेला, गोल तोंडाचा, सुटलो बाप्पा.

दुर्गेश्वरीने आईला स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगितलं, हळू आवाजात, शाळेतल्या पोरीला समजावावं तसं. तोंडावर काही नसते. मलेही निम्मं, टिकेशलेही निम्मं. आणि त्याचा पाय पाह्य.

राजकुमारीबाईंच्या हातातला झारा कढईतच राहिला. पुरी करपली. मग त्या म्हणाल्या, ‘मंग तुले आम्ही काऊन बसवलं घरी?’

दुर्गेश्वरीला रडावंसं वाटलं, आईचा गळा धरावासाही वाटला. तिने गॅस बंद केला.

‘टिकेसले सांगू नोको,’ आई म्हणाली. ‘आज तं नोकोच.’

तेवढ्यात भावजय रिंकी बाळाला घेऊन दारात आली. तिने ते नणंदेच्या हातात दिलं. मागे टिकेश उभा होता, हसत. रिंकी म्हणाली, ‘आत्याबाई, तुमी तं काहीच बोलल्या नाही. सांगा ना, कोनावर गेला?’

आई तिच्याकडे बघत होती. दुर्गेश्वरीने बाळाच्या गोल तोंडाकडे पाहिलं, मग टिकेशच्या पायाकडे.

‘आजीवर,’ ती म्हणाली.