अंगठा आईचाच हवा

डोणगावच्या मनकर्णाबाई वर्षभरात तीनदा पडल्या. तिन्ही वेळा भाजीच्या वाफ्यातच. हे त्यांच्याखेरीज फक्त मला ठाऊक, कारण आमच्या शेतांचा बांध एकच आणि उचलायला धावलो मीच. "भाऊ, भागवतले सांगसान तं माह्याशी बोलू नका," असा दम त्यांनी मला भरला. एसटीत कंडक्टर असताना मी भल्याभल्यांना गाडीतून खाली उतरवलं, पण या बाईंपुढे माझी बोलती बंद. त्यांचा भागवत चांगला पोरगा आहे. कळलं असतं तर प्रेमापोटीच त्यानं आईला घरात बसवलं असतं. आणि बहात्तराव्या वर्षी मेथी-वांगी सुटली की ही बाई खंगलीच म्हणून समजा.

अशात दीपमाला नावाची मुलगी म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीची पाहणी करायला आली. हेच प्रश्न म्हणे कितीतरी देशांत विचारतात. भागवतनं आमच्याकडच्या रीतीप्रमाणे खुर्ची टाकली, आईच्या होकाराच्या कागदावर स्वतः सही ठोकली आणि उत्तरंही स्वतःच दिली. "पडली? नाही बा, माय ठणठणीत हाये." माय आत चुलीपाशी, त्यांचाच चहा उकळत होती. मुलगी कामावर नवी, तिला भीड पडली.

आठवड्यानं ती परत आली ती चेहरा पाडून. वरच्या साहेबांनी तो फॉर्म बाद केला होता. पाहणीला मंजुरी देणाऱ्या समितीची अटच तशी होती. होकार ज्याचा त्यानंच द्यायचा, सही येत नसेल तर अंगठा, आणि साक्षीला घराबाहेरचा माणूस. साक्षीला मला बोलावणं आलं. जाताना वाटलं, आता सगळं लेकासमोरच निघणार!

दीपमालानं कागद सावकाश वाचून दाखवला. उत्तरं कोणालाच सांगणार नाही, घरच्यांनाही नाही. नको तो प्रश्न सोडता येईल.

"अन् मी नाहीच म्हटलं तं?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"तर मी चहा पिऊन जाईन, आजी."

बाईंनी तिला जरा निरखलं आणि शाईत अंगठा बुडवला. "भागवत, भाईर बस. भाऊ, तुमीबी."

आम्ही निंबाखाली बसलो. भागवत सारखा दाराकडे बघत होता, आणि मी त्याची नजर चुकवत होतो. पाऊण तासानं दोघी बाहेर आल्या. भागवत दीपमालाकडे धावला, तेवढ्यात बाई माझ्याजवळ येऊन पुटपुटल्या, "तिन्ही खेपांचं सांगून टाकलं. लय हलकं वाटून राह्यलं." माझाही जीव भांड्यात पडला.

"ताई, काय सांगितलं मायनं?"

"दादा, ते मला सांगता येत नाही."

"अवो, मी पोरगा हाओ तिचा!"

मुलगी हसली आणि कागद पिशवीत ठेवू लागली. भागवत आईकडे वळला. तो आईला नेहमी सांगायचा, हे कर, ते नको करू. विचारताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"माय, तू सांगतं का मंग?"

"नाही," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"बरं," भागवत म्हणाला.